डाव्या सीटखालचा पत्रा

रबरी चटई उचलून फोरमननी पत्रा दाबून पाहिला, आणि त्यांचं बोट सरळ आरपार गेलं.

"अरे, हा पत्रा आपण हिवाळ्यात तर घातला!" ते गाडीखाली आडव्या पडलेल्या वेल्डरला म्हणाले.

खालून नुसता हुंकार आला.

मोटार ब्रिटिश बनावटीची, वयानं फोरमनपेक्षा थोडीच लहान. तिच्याआधी त्यांच्याकडे ब्रिटिशच मोटरसायकल होती. ती उभी राहील तिथे तेलाचं डबकं करायची. त्यामुळे लग्नाआधी फोरमन कुणाच्या दारासमोर किती रेंगाळले, हे सगळ्या गल्लीला कळायचं. किक तर अशी उलटायची की मुलीला मागणी घालायला ते लंगडतच गेले होते. सासऱ्यांना वाटलं, पाय जन्माचाच तसा. मग किकचा किस्सा ऐकून ते इतके हसले की हसण्याच्या भरात होकार देऊन बसले. मुलीला विचारायचं राहूनच गेलं.

हा किस्सा फोरमन अजूनही रंगवून सांगत. लेकीच्या जन्मानंतर मोटरसायकल गेली, मोटार आली. तिच्या तळाला भोक होतं. त्यातून पळणारा रस्ता बघत लेक तासन्‌तास गप्प बसायची. एकदा भर पावसात वायपर बंद पडला, तर वेल्डरनं त्याला दोरी बांधली आणि खिडकीतून हात काढून ती ओढत घरापर्यंत वायपर हलवत राहिला. चिंब भिजला, पण वर म्हणाला, "काय थाटाची गाडी आहे रे!"

तो दोस्त मोटरसायकलच्या काळापासूनचा. लेकीच्या लग्नात तो फोरमनपेक्षा जास्त रडला होता.

गेली कित्येक वर्षं मात्र गाडी घरामागच्या शेडमध्येच होती. गंजानं पिच्छाच पुरवला होता. एका दारातून हुसकावा, तो दुसऱ्यात हजर. छापखान्यातल्या फोरमनकीतून निवृत्त झाल्यावर तर फोरमनचे सगळे वार गाडीचेच झाले. इंजिन आता घड्याळासारखं चालत होतं. फक्त पत्रा टिकत नव्हता.

"गाडी झाली की समुद्राकाठानं महिनाभर हिंडायचं," ते बायकोला सांगत. "आपण दोघंच."

"घाई कशाला?" ती म्हणे. "सावकाश होऊ द्या."

चहा शेडमध्ये, जेवणाचं ताटही शेडमध्ये. अशी बायको मिळायला नशीब लागतं, असं फोरमन चारचौघांत सांगत.

आता त्यांनी बोटाकडे पाहिलं. गंजाबरोबर पांढरट, खरखरीत काहीतरी लागलं होतं. त्यांनी बोट जिभेला लावलं.

मीठ.

त्यांनी गाडीच्या दाराखालचा उंबरा खरवडला. तिथेही तेच. मागच्या चाकावरच्या कमानीत तर थरच्या थर. समुद्र इथून दिवसभराच्या वाटेवर, आणि गाडी वर्षानुवर्षं शेडच्या बाहेर पडलेली नाही.

शेडची दुसरी किल्ली वेल्डरकडे असे. 'तुला जमत नसेल तर मला देऊन टाक,' असं तो कितीदा तरी म्हणाला होता. फोरमनना ती थट्टा वाटायची.

"बाहेर ये," ते म्हणाले.

वेल्डर सरपटत बाहेर आला. तेवढ्यात बायको चहा घेऊन दारात आली.

"पत्र्यात मीठ कुणी घातलं?"

वेल्डरनं फोरमनकडे पाहिलं. मग त्यांच्या खांद्यावरून पलीकडे. बायकोनं ट्रे बॉनेटवर ठेवला.

"बोल की! गाडी हवी होती तुला. मी कंटाळून टाकून देईन, याची वाट बघत होतास."

"तुला असं वाटतं?"

"दुसरं काय वाटून घेऊ?"

"मग मी काय बोलणार?" वेल्डर म्हणाला. त्यानं फडक्याला हात पुसले, खिशातली किल्ली काढून ट्रेशेजारी ठेवली.

"चालता हो. पुन्हा तोंड दाखवू नकोस."

चहाला हात न लावता तो गेला. फाटकाची कडी मात्र नेहमीसारखी हळूच लावली.

फोरमन ड्रायव्हरच्या सीटवर बसले.

"एवढ्या वर्षांचा दोस्त," ते म्हणाले. "माझ्या ताटातलं खाल्लं त्यानं. इथे बसून माझ्याबरोबर गंज घासायचा, आणि पाठ फिरली की हे! कुणावर विश्वास ठेवायचा माणसानं?"

बायकोनं बॉनेटवरची किल्ली ट्रेमध्ये सरकवली.

"पण आता लागला शोध. नवा पत्रा मीच घालतो. आता गंज येत नाही. येत्या महिन्यात निघूच आपण." त्यांनी डाव्या बाजूचं दार आतून उघडलं. "ये, बस तरी."

ती बाहेरच उभी राहिली.

"त्याला परत बोलवा," ती म्हणाली.

"कशाला?"

"त्यानं काही केलेलं नाही. मला मिठाचं पाणी ओतताना त्यानं एकदा पाहिलं होतं, एवढंच. मीच त्याला गप्प राहायला सांगितलं."

फोरमननी स्टिअरिंगवरचे हात काढले.

"तू? अगं, पण का?"

ट्रेमधले गार झालेले कप तिनं एकात एक ठेवले.

"गाडी तयार झाली असती, तर महिनाभर तुमच्या शेजारी बसावं लागलं असतं."