मागचं फाटक

"थांबवा," मागून कुणीतरी म्हणालं. "तो डावीकडचा आमचा काका."

पडद्यावरचं चित्र थांबलं. संग्रहालयाच्या बाईंनी वहीत नाव लिहून घेतलं आणि यंत्र पुन्हा सुरू झालं.

दर शनिवारी दुपारी हे असंच चालायचं. बंद पडलेल्या काच कारखान्याच्या शेडमध्ये आता संग्रहालय होतं. घराघरांतल्या ट्रंकांतून निघालेल्या जुन्या फिल्मा तिथे दाखवत, आणि ओळखीचा चेहरा दिसला की बघणाऱ्याने हात वर करायचा. एकेका मिशीवरून दोन-दोन म्हातारे हमरीतुमरीवर येत. गेल्या शनिवारी तर एका बाईने स्वतःच्या नवऱ्याला ओळखलं नाही आणि शेजारणीने ओळखलं. त्यावर हॉल बराच वेळ हसत होता.

कारखान्याचा जुना फिटर मात्र हसला नव्हता. त्याच दिवशी बाईंनी जाहीर केलं होतं, "पुढच्या वेळी मॅनेजरसाहेबांच्या बंगल्यावरच्या फिल्मा. संपाच्या वर्षातल्या आहेत."

आठवडाभर तो न जाण्याची कारणं शोधत होता. तब्येतीचं निमित्त करून घरी बसता आलं असतं, पण मग वहिनींना कोण आणणार?

वहिनी म्हणजे दादांची बायको. दादा संपाचे पुढारी, आणि फिटरचे जुने मित्र. पोलीस मागावर होते म्हणून ते कुठेतरी लपून होते, घरात वहिनी आणि तापाने फणफणलेली तान्ही मुलगी. सातव्या आठवड्यात कुणीतरी साहेबांना दादांची जागा सांगितली. दोन वर्षांनी दादा तुरुंगातून सुटले ते खोकला घेऊनच, आणि वर्षाच्या आत गेले. सांगणारा कोण, ते वस्तीला कधीच कळलं नाही.

तो सांगणारा फिटरच होता. नोकरी राहील असा साहेबांनी शब्द दिला होता. कारखान्याने सगळ्यांना वाटलेलं करडं ब्लँकेट डोक्यावरून घेऊन तो बंगल्याच्या मागच्या फाटकाने आत गेला आणि सांगायचं ते सांगून टाकलं. साहेबांनी लिहूनसुद्धा घेतलं नाही. आतल्या दाराकडे एकदा पाहिलं, मान डोलावली आणि म्हणाले, "ठीक आहे. जा."

तेव्हापासून चाळीस वर्षं फिटर वहिनींचे नळ दुरुस्त करत होता. नळ, पंखे, दाराच्या कड्या, जिन्याचा कठडा. मुलीच्या लग्नात तर सख्ख्या काकासारखा राबला. वहिनींनी कधी आभार मानले नाहीत, चहा मात्र न विचारता पुढे ठेवत. वस्तीतले लोक म्हणत, मित्र असावा तर असा. ते ऐकलं की त्याला मेल्याहून मेल्यासारखं होई.

"आज थंडी आहे, वहिनी. राहू द्यायचं का?" सकाळी त्याने भीत भीत विचारून पाहिलं होतं.

"नाही भावजी. आज तर जायलाच हवं."

आता त्या पहिल्या रांगेत बसल्या होत्या, नेहमीच्याच खुर्चीवर. एकही शनिवार त्यांनी चुकवला नव्हता. पडद्यावर माणसं आली की त्या पुढे वाकून एकेक चेहरा निरखत. त्या कुणाला शोधायला येतात हे फिटर पक्कं जाणून होता.

पडद्यावर बंगल्याची बाग आली. झोपाळ्यावर साहेबांची मुलगी, मग कुत्रा, मग पुन्हा कुत्रा. नंतर वरच्या खिडकीतून घेतलेलं मागचं फाटक. करडं ब्लँकेट पांघरलेलं कुणीतरी कुंपणामागून आलं. कुंपणामुळे पाय दिसत नव्हते, ब्लँकेटमुळे तोंड. ते माणूस फाटकाशी थबकलं, मागे वळून बघून पटकन आत शिरलं.

बाईंनी चित्र थांबवलं. "हे कोण असेल? डब्यावर तारीख आहे. दादांना पकडलं, तोच दिवस."

वहिनी खुर्चीच्या दांडीला धरून पुढे वाकल्या. ते पाहून फिटरचं उरलंसुरलं अवसान गळालं. चेहरा तर दिसत नाही, त्याच्या मनात आलं, मूग गिळून बसलं तर हेही निभावून जाईल. चाळीस वर्षं निभावलंच की. त्या विचाराचीच त्याला शिसारी आली, आणि तो उठून उभा राहिला.

"लिहा बाई. तो मी आहे. दादांची जागा मी सांगितली."

मागे एक खुर्ची करकरली. बाईंनी दबक्या आवाजात नाव विचारलं. त्याने पूर्ण नाव सांगितलं, बापाच्या नावासकट. बाईंनी लिहिलं. मग तो मान खाली घालून वहिनींकडे वळला.

"वहिनी, तुमच्या घरचा चहा प्यायची माझी लायकी नव्हती. हे त्याच वेळी सांगायला हवं होतं. आता काय ते बोला. थोबाडीत मारलीत तरी चालेल."

वहिनी त्याच्याकडे बघत नव्हत्या. त्या पडद्याकडेच बघत होत्या.

"बाई, ते नाव खोडा," त्या म्हणाल्या. "ती मी आहे. भावजी आले तेव्हा सगळं आधीच सांगून मी आतल्या खोलीत बसले होते."