अवेळी छाटलेली मुळं

वसंतात बोन्साय पाइनचे डोळे, म्हणजे कोंब, फुगले की झाड कुंडीतून काढून मुळं छाटायची, त्याआधी नाही नि नंतरही नाही, हा तामायोच्या सासऱ्यांचा कायदा किनाशी गावच्या साऱ्या बागवानांना ठाऊक होता. एकदा पानगळीत मुळांना कात्री लावली म्हणून पोटच्या पोराशीही त्यांनी वसंतापर्यंत अबोला धरला होता. यंदा ते मोठ्या दुखण्यातून उठलेले, म्हणून तामायोनेच पहिलं झाड उचललं. मुळं आधीच छाटलेली! दुसरं उचललं, तिसरं उचललं; तेच. ती पार चक्रावली. "बाबा, ही मुळं कोणी छाटली?" "मी. पानगळीत." "तुम्ही? अवेळी? डोकं ठिकाणावर होतं ना?" "होतं, म्हणून तर छाटली." "म्हणजे? मला काही कळेनासं झालंय." म्हातारा हातातली कात्री उगीचच उघडत मिटत राहिला. "वसंत बघायला मी असेन असं वाटलं नव्हतं, सूनबाई. आता तो आलाय, तर हाताला कामच नाही."