सडक्या टायरात नवी ट्यूब

"सून म्हणून घरात घेतली आणि जेलर निघाली," आर्डिसबाई क्रॅट्झ म्हणाल्या आणि गालातली पेपरमिंटची गोळी त्यांनी या बाजूची त्या बाजूला केली. "गाडीची किल्ली तिच्याकडे. कुणाला फोन करावा तर दाराआड कान लावून उभी. हा ट्रॅक्टर तेवढा माझा उरला होता, तर त्याचीही हवा काढते मेली."

नॉर्बर्ट नुसता हसला. गवत कापायच्या त्या जुन्या छोट्या ट्रॅक्टरची चाकं काढून त्यानं कोठाराच्या दारात आडवी टाकली होती. टायरांना म्हातारीच्या टाचांसारख्या भेगा पडल्या होत्या. आयोवाहून येऊन समोरचं घर भाड्यानं घेतल्याला त्याला महिनाही झाला नव्हता. गावात कुणी ओळखीचं नाही, आणि एकटा पुरुष ओळखीसाठी कुणाचंही काम अंगावर घेतो.

"हवा भेगांतून जाते, क्रॅट्झबाई. सुनेला कशाला बोल लावता?"

"तू आमची मार्लिस अजून पाहिली नाहीस."

पाहिली होती त्यानं. स्वयंपाकघराच्या खिडकीत ती केव्हाची उभी होती. हातात एक बशी, एक फडकं. बशी कधीच कोरडी झाली असणार, हात मात्र थांबत नव्हता.

त्यानं टायरवर पाय देऊन तो रिमपासून सोडवला. आतला गंज तारेच्या ब्रशनं घासून काढला. मग जुना व्हॉल्व्ह उपटायला वाकला आणि थबकला. व्हॉल्व्हच्या आतली पिन नव्हती. दुसरं चाक पाहिलं, त्यातही नव्हती. पिना काही पायांनी चालत जात नाहीत.

त्यानं मान वर केली. खिडकीत आता कुणी नव्हतं.

"मुलगा काही बोलत नाही तिला?" त्यानं आवाज खाली आणून विचारलं.

"तो काय बोलणार!" आर्डिसबाईंनी फ्लास्कच्या झाकणात कॉफी ओतून एका घोटात संपवली. "त्याला तोंड असतं तर हिची हिंमत झाली असती? घर माझं, जमीन माझी, आणि मी दावणीला."

नॉर्बर्टची स्वतःची आई वृद्धाश्रमाच्या खिडकीशी बसून, कुणीतरी येईल म्हणून वाट पाहत गेली होती. त्याचा हात भरभर चालू लागला.

"जायचंय तरी कुठे तुम्हाला?"

"कुठे म्हणजे? आज शुक्रवार. चौरस्त्यावरच्या हॉटेलात मासे तळतात. चार माणसांत बसून दोन घास खावेत, एवढंसुद्धा मागू नये का मी? रस्त्याच्या कडेकडेनं जाईन. कुणाच्या बापाचं काय जातं?"

तेवढ्यात मार्लिस अंगणात आली. बाई काटकुळी, आणि अंगात पुरुषी कोट, बाह्या दुमडलेल्या. सासूकडे तिनं पाहिलंच नाही.

"हे काम करू नका," ती नॉर्बर्टला म्हणाली.

"का? टायर जुने आहेत म्हणून?"

"करू नका. एवढंच सांगते."

"कारण तरी कळू दे."

तिनं मागे वळून पाहिलं. जाळीच्या दारापाशी दोन लहान मुलं उभी होती. तिनं ओठ घट्ट मिटले.

"बघितलंस?" आर्डिसबाई म्हणाल्या. "परक्या माणसासमोर ही तऱ्हा. एकटीला गाठून मला कशी वागवत असेल, विचार कर."

नॉर्बर्टनं विचार केला. आधी चाकं नीट करायची, आणि सोमवारी जाऊन वृद्धांच्या सरकारी कचेरीत या सुनेची तक्रार करायची. बायकांच्या भांडणात पुरुषानं पडू नये, हे शहाणपण पुरुषाला पडल्यावरच येतं.

त्यानं टायरच्या आतून हात फिरवून काटाकुटा पाहिला, पावडर भुरभुरली. नव्या ट्यूबमध्ये घोटभर हवा भरून तिला आत सरकवलं, तिचा व्हॉल्व्ह रिमच्या भोकातून ओढून घेतला. साबणाचं पाणी लावून लोखंडी पट्टीनं टायरची कड बसवली. हवा भरली, सोडली, चुण्या मोडल्या तशी पुन्हा भरली. एकेक चाक टणक होत गेलं. मार्लिस जागची हलली नाही.

"ट्यूब हवा धरेल, पण रबर सडकं ते सडकंच," चाकं चढवून तो म्हणाला. "अंगणात ठीक आहे. मोठ्या रस्त्यावर फुटलं तर ट्रॅक्टर तुमच्या हातात राहणार नाही."

"माझं कातडं बघ की! आत हवा असली म्हणजे झालं."

चढताना त्यांचा तोल गेला. नॉर्बर्टनं खांदा दिला. "मेले गुडघे," म्हणून त्या हसल्या आणि त्यांनी इंजिन सुरू केलं. अंधारून येत होतं. पलीकडच्या हमरस्त्यावरून दुधाचा टँकर दिवे लावून धडधडत गेला.

मार्लिस धावत फाटकात जाऊन आडवी उभी राहिली. दोन्ही हात पसरलेले.

"आई, नका जाऊ. ऐका माझं."

"बाजूला व्हा," नॉर्बर्ट पुढे होऊन म्हणाला. त्यानं तिचं कोपर धरलं आणि तिला फाटकातून बाजूला ओढलं. "म्हाताऱ्या माणसाला असं कोंडून ठेवता, लाज नाही वाटत?"

तिनं कोपर सोडवून घेतलं आणि कोटाची सुटलेली बाही पुन्हा दुमडली.

आर्डिसबाईंनी ट्रॅक्टर त्या दोघांपाशी आणून थांबवला. आता त्यांच्या बाजूनं एक साक्षीदार होता. तेव्हा इंजिनावर आवाज चढवून, त्यालाही नीट ऐकू जाईल अशा बेतानं, त्यांनी सुनेला सुनावलं, "दोन पेले ब्रँडी जास्त झाली आणि माझ्या हातून गाडी झाडावर आदळली. जज्जानंसुद्धा वय बघून सोडलं मला. शेजारी बसलेला गेला तो माझ्या पोटचा गोळा होता, आणि मी स्वतःला केव्हाच माफ करून मोकळी झाले. तुझा तर नुसता नवरा होता! मनच कोतं तुझं, मार्लिस."