केसभर कमी

"केसभर कमी आहे," धाकटा म्हणाला.

ताईनं दोन्ही कपांतून आलटून पालटून घोट घेतला. एका कपात त्यांची स्वतःची कॉफी होती. घराच्या मागच्या खोलीत गोठवायची, यंत्रात वाळवायची, आणि मग चमचाभर पूड गरम पाण्यात टाकली की झालं. दुसऱ्या कपात कोपऱ्यावरच्या कॉफीघरातून थर्मासात भरून आणलेली उस्तादची कॉफी होती.

"केसभरच ना? पूर्वी हातभर होती," ती म्हणाली. "मग झालंच की."

"ताई, आपण सुधारलो की तोही सुधारतो. हा माणूस झोपतो कधी?"

उस्ताद म्हणजे उस्ताद. त्याच्याकडे लोक देवळात आल्यासारखे हळू आवाजात बोलत. कॉफी तो पडद्यामागे बनवायचा, कारण विद्या चारचौघांत उघडी करायची नसते. काउंटरवर बियांच्या मोठ्या बरण्या होत्या. त्या कधी रिकाम्या कशा होत नाहीत, असं धाकट्यानं एकदा विचारलं, तर उस्ताद म्हणाला होता, "मुरतायत." धाकट्यानं घरी येऊन तसं लिहून ठेवलं.

ताईची बिनपगारी रजा रविवारी संपत होती. विमा कंपनीतल्या साहेबांनी स्पष्ट सांगितलं होतं, "शनिवारी संध्याकाळपर्यंत कळवा. नाहीतर तुमची खुर्ची दुसऱ्याची." चांगल्या इन्स्टंट कॉफीला बाजार आहे, असं ताईला पहिल्या दिवसापासून वाटत होतं. बाजाराला मात्र तसं वाटत नव्हतं. शेजारणीनं नमुना पिऊन "साखर विसरलीस" एवढंच सांगितलं. वाण्यानं बरणी बुटाच्या पॉलिशशेजारी मांडली, रंग जुळतो म्हणून.

"उस्तादनं आपली बरणी दुकानात ठेवली तर बाजार आहे," ताईनं ठरवून टाकलं होतं. "नाही ठेवली तर मी सोमवारी ऑफिसात."

"आणि वसतिगृह?"

तेवढं एक गिऱ्हाईक पक्कं होतं. दर बुधवारी एक रिक्षावाला यायचा, "वसतिगृहासाठी" म्हणायचा आणि असेल तेवढा माल उचलून न्यायचा.

"ती पोरं भांडी धुतलेलं पाणीही पितील," ताई म्हणाली. "तो बाजार नव्हे रे, ती भूक आहे."

त्या बुधवारी रिक्षा माल घेऊन गेली आणि धाकटा यंत्र पुसायला वाकला. वाकला तो तसाच राहिला.

"आई!"

आई हात पुसत आली. "ओरडतोस काय? लसूण वाळवून घेतला थोडा."

"यात?"

"एवढं थोरलं धूड, आठवडाभर नुसतं बसून असतं. पाहुण्यालासुद्धा मी एवढं बसू देत नाही."

"कॉफीच्या आधी वाळवलास की नंतर?"

"आधी. आणि पुसलं हो मी. ओल्या फडक्यानं."

ताईनं बरणीच्या तळाशी उरलेली पूड पाण्यात ढवळली आणि चाखली. कॉफी होती. उत्तम होती. फक्त मागच्या खोलीत कुणीतरी लसूण ठेचत बसल्यासारखं वाटत होतं.

"वसतिगृहाला फोन कर."

"नंबर नाही. नावही नाही. कधी विचारलंच नाही आपण."

दोघं दिवसभर दारातला प्रत्येक आवाज ऐकत बसली. तक्रार आली नाही. दुसऱ्या दिवशी रिक्षावाला आला, तेव्हा धाकटा आधी दाराआडच लपला.

"कालच्यातलं आणखी आहे का?" रिक्षावाल्यानं विचारलं. "लई आवडलं म्हणे."

"संपलं," ताई म्हणाली आणि दार लावून घेतलं. "बघ. भूक."

मग यंत्र धुतलं. लिंबानं घासलं, पुन्हा धुतलं. आई फुरंगटून टीव्ही बघत बसली. शनिवारचा घाणा असा उतरला की धाकटा चाखून काही बोललाच नाही. हे त्याच्या बाबतीत प्रथमच घडत होतं.

दुपारी दोघं कॉफीघरात जाऊन बसली. उस्तादनं त्यांची पूड स्वतःच्या हातानं पाण्यात घातली, डोळे मिटले आणि घोट तोंडात इतका वेळ धरला की शेजारच्या टेबलावरचे लोकही गप्प झाले.

"मेहनत आहे," तो शेवटी म्हणाला.

"मग ठेवाल दुकानात?"

"छे, छे. बाजार नाही याला. या गावाच्या जिभा मी घडवल्यात, ताई. इन्स्टंट एका घोटात ओळखतील." त्यानं कप हळूच खाली ठेवला. "आणखी कुठे देता का?"

"एका वसतिगृहाला."

"त्यांनाच देत राहा. पोरं गुणी असतील."

ताईनं फोन काढला आणि साहेबांना लिहायला घेतलं, 'सोमवारी हजर'. मग मान वर न करता म्हणाली, "उस्ताद, जाता जाता तुमची एकेक द्या. आमचं कुठे चुकलं ते तरी कळू दे."

उस्ताद प्रसन्न हसला आणि पडद्यामागे गेला. आतून चमच्याची किणकिण ऐकू आली. बाहेर आला तो दोन वाफाळते कप घेऊन.

धाकट्यानं घोट घेतला आणि ताईकडे पाहिलं. ताईनं घेतला. तिचं बोट फोनवर होतं तिथेच थांबलं.

"बघितलंत?" उस्ताद खुर्ची ओढून बसला. "याला म्हणतात कॉफी. ज्वालामुखीच्या मातीतली बी आहे, परवाच आली. सावकाश प्या. शेवटी जिभेवर जे रेंगाळतं ना, अडाणी माणूस त्याला लसूण म्हणेल."