हार्लन रस्त्यावरची खुर्ची

पदवीनंतर वर्षभराच्या फेलोशिपवर महापालिकेत लागले आणि बसथांब्यांची पाहणी माझ्याकडे आली. आमच्या नकाशात हार्लन रस्त्याच्या थांब्यावर बसायची सोय होती. प्रत्यक्षात स्वयंपाकघरातली खुर्ची खांबाला साखळीने बांधलेली होती. तिच्यावर डायलिसिसला निघालेल्या मिसेस पेटवे बसल्या होत्या. “माझीच आहे. गेल्या वर्षी तुमच्यातल्याच पोराने हिचा फोटो काढला. बाक काही आला नाही.” खुर्ची पाहून त्याने ‘सोय आहे’ नोंदवलं होतं. “जरा उठाल? रिकाम्या थांब्याचा फोटो पाठवते.” “मग बाक कधी?” “पुढच्या वर्षी, बहुधा.” “तेव्हा तू असशील, पोरी?” मी साखळी सोडायला वाकले. “वाटलंच. तुमची नावं तोंडात बसेपर्यंत तुम्ही पसार!” खांबाला धरून त्या उभ्या राहिल्या. खुर्ची बाजूला सरकवून मी फोटो काढला, ती पुन्हा बांधली आणि पुढच्या फेलोसाठी तिच्या पाठीवर लिहिलं: खुर्ची मिसेस पेटवेंची, महापालिकेची नाही.