चालू डिस्क

"काय ते आजच सांगा, भाऊ. आत्ताच," सरूनं तिसऱ्यांदा सांगितलं.

पेणहून आलेल्या कॅमेरा-दुरुस्तीवाल्या हितेशनं मान वर केली नाही. रोह्याच्या त्या कंपनीच्या सिक्युरिटी केबिनमध्ये कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर घरघरत होता. त्यातलं सोमवारचं फुटेज आपोआप पुसलं गेलं होतं.

सोमवारीच ॲसिडची टाकी भरून वाहिली. पाळीवर सरूचा नवरा काळुराम होता. त्याला घरी बसवलं. तेव्हापासून तो रोज गेटवर येऊन ओरडायचा, "मी टाकीपाशीच होतो, फुटेज दाखवा!" त्याला आत यायला बंदी, म्हणून आज गडब गावाहून सरू आली होती. तिचा जीव थाऱ्यावर नव्हता.

"पुसलेलं परत येतं?"

"येतं की. रेकॉर्डर बंद करून डिस्क सुटी केली की नक्की येतं. साहेब, परवानगी?"

"मुंबईहून उद्या येईल," कंपनीचे साहेब म्हणाले. "आज कॅमेरे बंद ठेवता येणार नाहीत."



"मग उद्या," हितेश म्हणाला. "चालू डिस्कला आतून हात लावायचा नसतो, वहिनी. वरून रेकॉर्डर लिहितोय, खालून मी लिहिणार. दोघांना एकमेकांचा पत्ता नाही. एका खाचरात दोघांनी डोळे मिटून लावणी केली तर?"

"रोपं तुडवली जातील."

"सगळी."

सरूनं घरघरणाऱ्या रेकॉर्डरकडं पाहिलं. मग एकदम रडू फुटलं तिला, अगदी आतून.

"उद्यापर्यंत त्याच्यावर दुसरं काय चढलं तर? पोरांच्या तोंडचा घास हाय वो! व्हईल ते माझ्या जबाबदारीवर."

हितेश विरघळला. साहेबांनीही मान डोलावली. त्यानं चालू डिस्क लिहिण्यासाठी उघडली आणि पुसलेली फाइल परत जोडायला घेतली.

क्षणभर पडद्यावर सोमवारची तारीख दिसली. मग एररच्या ओळी धावत सुटल्या आणि रेकॉर्डर गोठला. पुन्हा चालू केला, तर त्याला आपली डिस्कच ओळखेना.

"चिवडा झाला सगळ्याचा," हितेश म्हणाला. "आता कुणालाच काही मिळायचं नाही. माझंच चुकलं, वहिनी."

सरूला त्याची फार कीव आली. साहेब शिपायाला हळूच म्हणाले, "हातचा पुरावा घालवला बिचारीनं."

गेटबाहेर काळुराम उभा होता, पांढराफटक पडलेला.

"सापडलं काय गो?"

सरूनं पदरानं डोळे पुसले.

"नाय. आता कंदीच कुनाला सापडायचं नाय. उद्या आनखी जोरात वरडा, फुटेज दाखवा म्हनून."