पाठीमागची पेटी

"वाटंत देव भुईला टेकवायचं न्हाईत. पायाजवळ ठिवायचं न्हाईत. आन त्येंच्याकडं पाठ करून बसायचं न्हाई."

सकाळी निघताना सासूबाईंनी, म्हणजे बयाबाईंनी, उंबऱ्यातून परत एकदा सांगितलेलं अंजनाच्या कानात अजून वाजत होतं. समोर विश्रामबागच्या दुकानातला कुणाल मोटरसायकलीच्या पेट्या एकावर एक रचत होता. शेजारी तिचा नवरा सयाजी प्रत्येक पेटीवर टिचकी मारून बघत होता.

हे तिसरं दुकान. गाडी घेऊन तीन वर्षं झाली होती. सयाजी फौजेतून हवालदार म्हणून सुटून आला, गावानं त्याला मेजर करून टाकलं, आणि मेजरनं लांब पल्ल्याची ही दांडगी गाडी घेतली. घेतली ती एकाच कामासाठी. फौजेत जाताना त्यानं आईला शब्द दिला होता, परत आलो की देवघरातले पाची टाक, चांदीच्या पत्र्यावर उठवलेले देव, पालीच्या खंडोबाला भेटवून आणतो. त्याच दिवशी बयाबाईंनी गूळ सोडला. साखर गुळाचीच बहीण, म्हणून तीही सोडली. घराला लागून गुऱ्हाळ, आणि बाई पंचवीस वर्षं बिनगोडाचा चहा पीत होती. देव भेटले की गूळ तोंडात, तोवर नाही. आता त्यांना एकोणऐंशी लागलं होतं. गूळ राहूनच जाणार म्हातारीचा, असं भावकीत लोक तोंडावर म्हणायला लागले होते.

यष्टीनं हे अर्ध्या दिवसाचं काम. पण दारात एवढी गाडी असताना देव यष्टीनं गेलेले मेजरला खपेनात. आणि गाडीवर न्यायचे तर पेटी हवी, तीही निघणारी. चहाला थांबलं तरी देव रस्त्यावर सोडून कसं जायचं?

"ह्या साइडच्या बघा," कुणाल म्हणाला. "पाणी जात नाही, धूळ जात नाही."

"पायाजवळ येत्यात," अंजना म्हणाली.

"मग उजवी घ्या. ती जरा वर आहे."

"तिच्याखाली सायलेन्सर हाय. देव भाजायचं हायत व्हय?"

कुणालनं टाकीवर बसणारी बॅग काढली. ती चालवणाऱ्याच्या पुढ्यात राहणार, म्हणजे देवाकडं तोंड. अंजना खूश झाली. सयाजी गाडीवर बसून दाखवायला गेला, आणि त्याचं पोट बॅगेवर जाऊन निवांत बसलं.

"मेजर, श्वास आत घ्या," कुणाल म्हणाला.

"पालीपतोर?" अंजना म्हणाली.

राहिली पाठीमागची. किल्ली फिरवली की एका हातानं निघायची. मांडीवर घेतली की भुईला टेकायची भीती नाही. पायापासून लांब, उंचावर, अगदी देवघराच्या कोनाड्यासारखी. अडचण एकच. मागं बसणाऱ्याची पाठ थेट तिला लागायची.

"काकू, तुम्ही उलटं तोंड करून बसा," कुणाल म्हणाला. "देव पण दिसतील, मागचे ट्रक पण दिसतील."

अंजना हसली नाही. ती खरंच विचार करतेय हे बघून सयाजीनं घाईघाईनं पेटी बांधायला सांगितली. सामानाला साइडच्या दोन्हीही घेतल्या.

रविवारी उजाडताच बयाबाईंनी पूजा केली. टाकांना भंडारा लावला, पिवळ्या फडक्यात गुंडाळून स्वतःच्या हातानं पाठीमागच्या पेटीत बसवले. आंघोळ करून अंजना तयार होती. एका अंगावर बसायचं आणि पालीपतोर मान वळवून पेटीकडं बघत राहायचं, असं तिनं ठरवलं होतं. आल्यावर मान आखडली तर शेकू.

बयाबाई आत गेल्या आणि बाहेर आल्या त्या सयाजीचं फौजेतलं जुनं जाकीट घालून. लुगड्याचा कासोटा घट्ट मारलेला. त्यांनी अंजनाच्या हातातलं हेल्मेट काढून घेतलं.

"आई, तू कुटं?" सयाजी म्हणाला.

"पालीला. माजा गूळ तुमी खाऊन येनार व्हय?"

"आगं, ह्या पेट्यांवरनं तुजा पाय तरी जाईल का?"

"काडता येत्यात न्हवं त्या? तीन वर्सं तेच ऐकतीया."

सयाजीनं दोन्ही साइडच्या पेट्या काढून वट्ट्यावर ठेवल्या. अंजनानं त्यातली गुळाची पुडी काढून सासूच्या कनवटीला खोवली. मग दोघांनी मिळून बयाबाईंना गाडीवर बसवलं. त्यांनी इकडंतिकडं हलून बूड जमवलं आणि मागच्या पेटीला सैल रेलल्या.

अंजनाला राहवलं नाही. "आत्याबाई, देवाकडं पाठ झाली की."

"व्हय."

"तुमीच सांगितलंतासा न्हवं? तीन वर्सं आमी पेट्या बघतोय."

"तुमी दोघंच निघाला हुता, म्हून सांगितलंतं. मला कुनी इचारलं, येतीस का म्हून?" बयाबाईंनी हेल्मेटची काच खाली ओढली, मग आठवल्यासारखी परत वर केली. "साठ वर्सं ह्या पाचजनांचं करतीया मी. आता पालीपतोर त्येंनी माजी पाठ धरावी."

सयाजीनं हॉर्न न वाजवता गाडी गल्लीतून बाहेर काढली.